न्यायाधीश व्हायचंय, पण परीक्षा कोणती?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. दोन वर्षांपूर्वी नूअर्कच्या फेडरल कोर्टात आम्ही नागरिकत्वाची शपथ घेतली. शपथ देणाऱ्या न्यायाधीश बाईंना पाहिल्यापासून माझी अकरावीतली मुलगी म्हणते, "मला हेच व्हायचंय." माझा भाऊ महाराष्ट्रात एमपीएससीची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश झाला. इथे कोणती परीक्षा असते? तयारी कधीपासून करायची? – एक आई

उत्तर: ताई, इथे परीक्षाच नसते. तुमच्या भावाने अभ्यास करून जी खुर्ची मिळवली, ती अमेरिकेत गुणांवर मिळत नाही. फेडरल म्हणजे केंद्रीय कायद्याचे खटले प्रथम जिथे चालतात त्या 94 जिल्हा न्यायालयांवर राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट त्याला मंजुरी देतं. राज्यघटनेत वयाची अट नाही, कायद्याच्या पदवीचीही नाही. प्रत्यक्षात मात्र नाव पुढे येतं ते बरीच वर्षं वकिली केलेल्यांचं, आणि त्या राज्याच्या सिनेटरांचा पाठिंबा लागतोच. जागा कधी रिकामी होईल, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण असेल, यातलं काहीच तिच्या हातात नाही. म्हणून तिने आत्ता ध्येय ठेवावं ते कोर्टात उभं राहणारी चांगली वकील होण्याचं. न्यायाधीशपद आलं तर त्यातूनच येईल, आणि नाही आलं तरी ते आयुष्य वाया गेलं असं तिला वाटता कामा नये.

कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्याबद्दल तिने जरूर वाचावं. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, घरात बारा भावंडं, कॉलेजला पैसे नाहीत. स्थानिक सभेतलं त्यांचं भाषण ऐकून एका उद्योजकाने शिक्षणाचा खर्च उचलला. 1946 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्या वर्णभेदाविरुद्धचे खटले लढायला दक्षिणेत गेल्या. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला 1962 मध्ये मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो खटला त्यांनीच लढवला होता. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले चालवले. 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यासाठी त्यांचं नाव दिलं, तेव्हा मिसिसिपीच्याच एका सिनेटरने ते कित्येक महिने अडवून धरलं. अखेर त्या देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश झाल्या. त्याच न्यायालयात 2023 मध्ये अरुण सुब्रमण्यन हे पहिले दक्षिण आशियाई न्यायाधीश आले.

शिक्षणाचा रस्ता सरळ आहे: कुठल्याही विषयात चार वर्षांची पदवी, एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, तीन वर्षांचं लॉ स्कूल, मग वकिलीच्या परवान्यासाठी बारची परीक्षा. पुढचं पाऊल मला सर्वांत मोलाचं वाटतं, ते म्हणजे एखाद्या न्यायाधीशांकडे वर्ष-दोन वर्षं लॉ क्लर्क म्हणून काम. नावावर जाऊ नका, हे कारकुनाचं काम नव्हे. दोन्ही बाजूंचे कागद वाचायचे, कायदा शोधायचा, निकालाचा मसुदा लिहायचा आणि न्यायाधीशांशी वाद घालायचा. त्यानंतर सरकारी वकील, गरीब आरोपींचे फेडरल बचाव वकील किंवा खासगी फर्म, कुठेही जाता येतं. ज्या पदासाठी थेट अर्ज करता येतो असं एक पदही आहे, मॅजिस्ट्रेट जज. किमान पाच वर्षांची वकिली लागते, मुदत आठ वर्षांची आणि निवड जिल्हा न्यायाधीशच करतात.

आता कामाबद्दल. तुम्ही पाहिला तो शपथविधीचा दिवस आनंदाचा होता. एरवी बहुतेक फौजदारी प्रकरणं खटला न चालता गुन्हा कबूल करून संपतात. मग शिक्षा किती द्यायची हे न्यायाधीशाला एकट्याने ठरवावं लागतं. मार्गदर्शक तक्ते असतात, पण 2005 पासून ते बंधनकारक नाहीत. समोर आरोपी उभा असतो, मागच्या बाकावर त्याची आई बसलेली असते. हे ओझं घरी नेऊन कुणापाशी मोकळं होता येत नाही. मित्रपरिवारही आखडतो. राजकारण बंद, आणि आपल्या मंडळासाठी देणग्या मागणंसुद्धा आचारसंहितेत बसत नाही.

जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक तहहयात असते, महाभियोगाशिवाय कुणी काढू शकत नाही. 2024 मध्ये पगार 2,43,300 डॉलर होता. मोठ्या फर्ममधले वरिष्ठ वकील याच्या कितीतरी पट कमावतात, तेव्हा पैशासाठी इकडे येऊ नये. आणि आई म्हणून तुम्हाला हेही ठाऊक असावं: 2020 मध्ये तुमच्याच राज्यातल्या न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी हल्लेखोर आला आणि त्यांचा तरुण मुलगा मारला गेला. त्यानंतर न्यायाधीशांची खासगी माहिती जपणारा कायदा झाला. सालास आजही निवाडे देतात.

तिला सुट्टीत एखाद्या कामाच्या दिवशी नूअर्कच्या त्याच इमारतीत घेऊन जा. बहुतेक सुनावण्या सर्वांसाठी खुल्या असतात, ओळखपत्र दाखवून आत बसता येतं. शिक्षा सुनावण्याची सुनावणी निवडा आणि दोघी शेवटपर्यंत थांबा. तिची नजर सगळ्यात जास्त कुणाकडे होती, न्यायाधीशांकडे, वकिलांकडे की आरोपीकडे, हे तिलाच लिहून मला पाठवायला सांगा. पुढचं त्यावरून बोलू.