वाचकांचे प्रश्न : १४२८५७ चा वर्ग

प्रश्न : एक सप्तमांशाच्या दशांशात १४२८५७ हे अंक पुन्हा पुन्हा येतात आणि या संख्येला २ ते ६ पर्यंत कशानेही गुणले तरी तेच अंक जागा बदलून त्याच क्रमाने फिरतात, हे शाळेत शिकलो होतो. परवा नातवाला ते दाखवताना मी तिचा वर्ग केला. आमच्या गणकयंत्रावर आठच अंक मावतात, म्हणून गुणाकार हाताने केला. उत्तर आले २०४०८१२२४४९. त्यातले शेवटचे सहा अंक तोडून उरलेल्या २०४०८ मध्ये मिळवले, तर पुन्हा १४२८५७! हा योगायोग आहे का? एक सतरांशाच्या अंकांचेही असेच होईल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला गुणाकार अचूक आहे आणि हा योगायोग मुळीच नाही. मूळ संख्येतून १ वजा करा. १४२८५६ ला ७ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो २०४०८, म्हणजे आपण तोडलेला डावीकडचा तुकडाच. आता वर्ग म्हणजे १४२८५७ गुणिले १४२८५६, अधिक १४२८५७. यात १४२८५६ च्या जागी ७ × २०४०८ लिहिले आणि १४२८५७ ची सातपट ९९९९९९ होते हे ध्यानात घेतले, की वर्ग होतो ९९९९९९ × २०४०८ + १४२८५७. सहा नवांनी गुणणे म्हणजे दहा लाखांनी गुणून तीच संख्या एकदा वजा करणे. त्यामुळे २०४०८ सहा घरे डावीकडे सरकतात आणि शेवटच्या सहा घरांत १४२८५७ − २०४०८, म्हणजे १२२४४९ उरतात. उजवीकडून जेवढे गेले तेवढेच डावीकडे जाऊन बसले, तेव्हा बेरीज मूळ संख्येएवढी यायलाच हवी.

अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूत जन्मले, आपल्याच ठाण्यात शिकले आणि पुढे देवळालीला शाळामास्तर म्हणून राहिले. ठाणेकरांनी ही आठवण जपायला हवी असे मला मनापासून वाटते. अंकांच्या बेरजेने ज्यांना भाग जातो त्या संख्यांना ‘हर्षद’ हे गोड नाव त्यांनीच दिले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज २७ आणि २७ × ५२९१ = १४२८५७, म्हणजे ती हर्षदही आहे.

एक सतरांशाचे चक्र सोळा अंकी आहे : ०५८८२३५२९४११७६४७. सुरुवातीचे शून्य सोडू नये. १६ पर्यंतच्या कोणत्याही संख्येने गुणले तरी हे अंक त्याच क्रमाने फिरतात. वर्गाचा गुण मात्र इथे नाही. त्यासाठी १ वजा केल्यावर १७ ने भाग जायला हवा, पण या संख्येला १७ ने भागल्यास बाकी ८ उरते, म्हणून १ वजा केल्यावरही ७ शिल्लक राहतात.

नातवाला मात्र आणखी एक गुणाकार द्यावा. दहा लाखांतून १४२८५७ वजा केल्यास ८५७१४३ उरतात. त्यांचा वर्ग ७३४६९४१२२४४९ असून त्याच्या दोन तुकड्यांची बेरीजही ८५७१४३ च येते, आणि उजवा तुकडा तोच, १२२४४९.