प्रतीक म्हणजे आधी तोंड, मग खूण

सोलापुरात एमए करणाऱ्या एकीने विचारलंय की ऑर्वेलच्या '१९८४' मधलं काचेचं पेपरवेट प्रतीक म्हणायचं का रूपक. प्रश्नात तिने 'प्रतिक' लिहिलंय, आणि इथे व्याख्यानांच्या बॅनरवर पण हेच दिसतंय, हे आधी बंद करा ओ, ती 'ती' दीर्घच आहे.

हा संस्कृत शब्द फोडला तर प्रति आणि अञ्च् (वळणे), म्हणजे आपल्याकडे वळलेलं. पश्चिमेला प्रतीची म्हणतात ती ह्याच घरातली. ऋग्वेदात प्रतीक म्हणजे सरळ तोंड, चेहरा, अग्नीला तिथे घृतप्रतीक म्हटलंय, तुपाने उजळलेल्या तोंडाचा! अमरकोश ह्या जुन्या संस्कृत शब्दकोशात अर्थ अंग, अवयव. मंत्राचा नुसता पहिला शब्द देऊन आख्खा मंत्र सुचवतात, त्या शब्दालाही प्रतीकच म्हणतात. जेवढं समोर येतं तेवढं प्रतीक, बाकीचं त्याच्या मागे असतंच. गाईडवाले छापतात की 'प्रति' म्हणजे ऐवजी, म्हणून प्रतीक म्हणजे बदली वस्तू. साफ चूक. मग तो ऋग्वेदातला चेहरा कुठे बसवणार ते सांगा. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या कुंभारकन्या आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाच्या, तिथे दंड नवऱ्याच्या बदली आलेला नसतो, दंडात नवराच उभा असतो.

आता कादंबरी बघा, १९४९ ची. सत्ताधारी पक्षाचा सर्वेसर्वा बिग ब्रदर प्रत्यक्ष कुणाला दिसतच नाही, दिसतो तो काळ्या मिशांचा चेहरा, पोस्टरवर, नाण्यांवर, सिगारेटच्या पाकिटावर. चेहऱ्यावर नको तो भाव आला तरी गुन्हा, फेसक्राइम. नायक विन्स्टनचा छळ करणारा पक्षाचा अधिकारी ओब्रायन भविष्याचं चित्र सांगतो ते पण माणसाच्या चेहऱ्यावर कायमचा पडणारा बूट. सगळं तोंडाभोवतीच फिरतंय! म्हणून ह्या कादंबरीला 'सिम्बॉल'पेक्षा आपला प्रतीक शब्द जास्त लागू पडतो असं माझं ठाम मत आहे, कारण 'सिम्बॉल'च्या मूळ ग्रीक शब्दात मोडलेल्या खुणेचे दोन तुकडे जुळवून बघायचे असतात, आणि इथे दुसरा तुकडा सापडतच नाही, बिग ब्रदर माझ्यासारखा खरोखर अस्तित्वात आहे का असं विन्स्टन विचारतो तर ओब्रायन म्हणतो तूच अस्तित्वात नाहीस.

हां, पेपरवेट. विन्स्टन मनात म्हणतो की पेपरवेट म्हणजे ही खोली (जिथे तो प्रेयसी ज्युलियाला भेटतो) आणि आतलं पोवळं म्हणजे ज्युलियाचं आणि आपलं आयुष्य, ते वाक्य रूपक, संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाला हवा तो अभेद, म्हणजे दोन गोष्टी एकच मानणं, तिथे आहे. पण अटकेच्या वेळी ते फुटतं, पोवळ्याचा एवढासा तुकडा चटईवर घरंगळतो आणि अमुक म्हणजे तमुक असं कुणी सांगत बसत नाही, तिथे ते प्रतीक.