डिस्क धडधाकट, केबलचं टोक उघडं

प्रश्न : आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. ऑफिसच्या जुन्या सर्व्हरमध्ये अल्ट्रा १६० कार्डावर ३६ जीबीच्या तीन स्कझी (एकाच केबलवर अनेक डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशा जोडणीत होत्या. जागा पुरेना म्हणून चौथी आणून त्या जोडणीत (अ‍ॅरेत) घेतली. केबलवर कनेक्टर शिल्लक नव्हता, म्हणून टोकाचा छोटा ठोकळा काढून तिथे ती लावली आणि तिच्यावर ‘टर्म’चा जंपर घातला. आठवड्यात एक डिस्क फेल दाखवली. नवी घालून रिबिल्ड केलं, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून तिच्यात डेटा पुन्हा भरला, तर आता दुसरीच फेल!
— एक वाचक, तासगाव

उत्तर : सर्व्हर आत्ता बंद करा आणि आणखी डिस्क विकत घेऊ नका. तुम्ही काढलेला तो ठोकळा म्हणजे टर्मिनेटर. शेतात पाटाचं दार एकदम पाडलं की पाणी आपटून उलटं मागं येतं ना, तसा उघड्या टोकावरून सिग्नल परततो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. कार्डाला चुकीचा डेटा मिळतो, आणि ते बिचाऱ्या डिस्कला फेल ठरवतं.

जंपरने बरेच जण फसतात. जुन्या एसई (एका सिग्नलला एकच तार) डिस्कवर टर्मिनेशन, म्हणजे टर्मिनेटरची सोय, असायचं. तुमच्यासारख्या एलव्हीडी (एका सिग्नलला तारांची जोडी) डिस्कवर ते नसतंच. तुम्ही घातलेला जंपर बहुधा टर्म पॉवरचा, म्हणजे टर्मिनेटरला वीज पुरवण्याचा आहे.

कार्डासाठी एक, डिस्कसाठी चार कनेक्टर आणि टोकाला एलव्हीडी टर्मिनेटर अशी ६८ पिनांची केबल घ्या. दुसरं टोक कार्ड स्वतः सांभाळतं. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये टर्मिनेशन चालू आहे ना, ते बघा. आयडी, म्हणजे केबलवरचा ओळख-क्रमांक, ७ हा कार्डाचा. डिस्कना वेगवेगळे द्या, केबलवरचा क्रम कसाही चालेल. त्याच केबलवर जुनं एसई उपकरण मात्र लावू नका, सगळी बस (केबलवरची सामाईक वाट) एसईवर उतरते आणि सेकंदाला १६० एमबीचा वेग जास्तीत जास्त ४० एमबीवर येतो.

कनेक्टर लावताना पिना बघाच. सांगलीत हळदीच्या एका पेढीत तीन महिन्यांत दोन डिस्क बदलल्या गेल्या होत्या. मी टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो, तर टर्मिनेटरची एकच पिन आडवी होऊन शेजारणीला चिकटलेली! सुईने सरळ केली, तेव्हापासून तक्रार नाही. त्या दोन डिस्कचे पैसे गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

सर्व्हर चालू झाला की रिबिल्डच्या आधी हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतं. एकच डिस्क पडली असेल तर तिला ‘फोर्स ऑनलाइन’ (जबरदस्तीने चालू डिस्क म्हणून परत घेणं) कधीही करू नका, तिच्यावरचा डेटा शिळा आहे; तिला रिबिल्डलाच लावा. एकदम दोन गेल्याच तर शेवटी पडलेली ऑनलाइन आणायची, आधीची नाही. म्हणून कुठली कधी पडली ते कंट्रोलरच्या (त्या कार्डाच्या) लॉगमधून सर्व्हर चालू होताच वहीत उतरवून ठेवा.

आणि पहिली काढलेली डिस्क भंगारात घातली नसेल, तर जपून ठेवा. ती बहुधा चांगली आहे, आणि ६८ पिनांची डिस्क आता सहज मिळत नाही.