गालातली सिलिकॉनची गाठ

प्रश्न : सात वर्षांपूर्वी गाल भरण्यासाठी सिलिकॉनची इंजेक्शनं घेतली होती. दोन महिन्यांपूर्वी दाढ सुजली आणि त्यानंतर उजव्या गालात दोन टणक गाठी लागू लागल्या. मधूनच तिथे लाली येते. फिलर विरघळवणारं इंजेक्शन घेऊ का? तोवर शेकलं तर चालेल?

उत्तर : ते इंजेक्शन म्हणजे हायल्युरोनिडेज. त्याने हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर विरघळतं, सिलिकॉनवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. द्रवरूप सिलिकॉन हे तेल आहे आणि ते मोडणारं एन्झाइम शरीराकडे नाही. कापसात तेल मुरावं तसे त्याचे थेंब ऊतींमध्ये मुरतात आणि त्यांच्याभोवती दाहक पेशींचं कडं तयार होतं. वर्षानुवर्षं शांत असलेलं हे प्रकरण एखाद्या संसर्गाने चाळवतं. तुमच्या बाबतीत निमित्त दाढेचं दिसतंय, तेव्हा आधी दात दाखवा. शेकणं, चोळणं, गाठ दाबून पाहणं बंद करा, तेल सरकतं.

मग सोनोग्राफी. सिलिकॉन असेल तर पडद्यावर हिमवादळासारखं पांढरं धुकं दिसतं, त्यामागचं काहीच दिसत नाही. गाठ गरम, दुखरी किंवा मऊ पडली असेल तर त्यातला द्रव कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवायला सांगा, क्षयाच्या कुळातल्या जंतूंसाठीही. साध्या कल्चरमध्ये ते सहसा सापडत नाहीत. संसर्ग नाही हे ठरेपर्यंत स्टिरॉइड नको. त्यानंतर बहुधा मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही आठवडे ते काही महिने (गरोदरपणात हे औषध चालत नाही). जोडीला गाठीतच ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन, कधी त्यात ५-फ्लुरोयुरासिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळून, साधारण चार आठवड्यांच्या अंतराने. घाईने जास्त टोचलं तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो, आणि तो गाठीपेक्षा जास्त डोळ्यात भरतो.

शस्त्रक्रिया फक्त सुट्या, काठ स्पष्ट असलेल्या गाठीची. पसरलेलं तेल काढायला गेलं तर चेहऱ्याच्या मज्जातंतूंना धोका असतो. ‘सगळं काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

रक्तातलं कॅल्शियमही तपासून घ्या. ही तपासणी बरेचदा राहून जाते. अशा गाठींतल्या पेशी सक्रिय ड जीवनसत्त्व तयार करू शकतात, विशेषतः सिलिकॉन भरपूर भरलेलं असेल तर. त्याने कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठता, थकवा आणि मूत्रपिंडाला इजा होते. अहवाल येईपर्यंत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका.

प्रश्न : नितंबांसाठी ‘मेडिकल ग्रेड’ सिलिकॉन तरी सुरक्षित असतं ना?

उत्तर : नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सिलिकॉन तेलाला इंजेक्शन म्हणून मान्यता दिली ती डोळ्याच्या आत वापरण्यासाठी, शरीर भरण्यासाठी नव्हे. तेल शिरेत गेलं की फुप्फुसात पोहोचतं. इंजेक्शननंतर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत धाप, ताप, थुंकीत रक्त, गोंधळलेपणा, त्वचेवर लाल ठिपके यांतलं काही दिसलं तर थेट आपत्कालीन विभाग गाठा आणि सिलिकॉन घेतल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. लाजेने लपवलं तर उपचार न्यूमोनियाचे सुरू होतात. यावर उतारा नाही. ऑक्सिजन, वेळ पडली तर व्हेंटिलेटर, हाच मुख्य आधार.