सॅडल म्हणजे खोगीर की जीन?

प्रश्न असा आला आहे : एका अमेरिकन चित्रकाराचं, संग्रहात जपून ठेवलेलं पत्र मराठीत आणायचं आहे. त्यात तो जुन्या 'सॅडल' जमवण्याच्या नादाविषयी लिहितो. तर 'प्राचीन खोगिरांचा संग्रह' असं लिहिलेलं चालेल का?

माझं मत विचाराल तर 'जीन' लिहा, आणि 'प्राचीन' काढून टाका.

खोगीर हा शब्द फारसी 'खूगीर'वरून आला. त्यातला 'खू' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. 'आलमगीर'मध्ये जग धरणारा आहे, तोच हा गीर. म्हणजे खोगीर हे मुळात घाम टिपणारं. माथेरानला एका घोडेवाल्याने संध्याकाळी घोडा मोकळा केला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. वरचं चामड्याचं बसायचं त्याने एका हाताने उचलून कठड्यावर ठेवलं. खालची जाड गादी मात्र घोड्याच्या पाठीला चिकटून होती, ओलीचिंब, आणि कडेला मिठाच्या पांढऱ्या रेघा. ती त्याने उलटी करून वाळत घातली. शब्दाचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांनी दिसला.

वरचं जे उचललं ते जीन. हाही फारसीच शब्द, आणि जीन बनवणारे ते जिनगर. आपल्याकडे 'जिनगर' आडनावातही टिकून आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं चामडं, दोन बाजूंना रिकिबी, पोटाखालून आवळायचा तंग : तुमचा चित्रकार जमवत होता ते हेच. बोलण्यात आपण सगळ्यालाच सरसकट खोगीर म्हणतो, ते चूक नाही. पण सॅडलला खोगीर म्हणून टाकलंत आणि पुढे पत्रात सॅडलखालच्या घोंगडीचा उल्लेख आला, तर तिच्यासाठी शब्दच उरणार नाही. संग्राहक माणूस या दोन वस्तूंत कधी गल्लत करत नाही.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. खोगिरात चिंध्या, लोकर, हाताला येईल ते कोंबत, म्हणून 'खोगीरभरती'. उर्दूतही 'खोगीर की भरती' म्हणजे निरुपयोगी भरणाच. 'खोगिरांचा संग्रह' वाचताच मराठी वाचकाच्या कानात ती भरती वाजते, आणि ज्याने जीव लावून एकेक वस्तू मिळवली त्याचा छंद अडगळीसारखा दिसू लागतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. फ्रेडरिक रेमिंग्टनसारख्या चित्रकारांनी घोडेस्वारांचा साज जमवला तो चित्रातला तपशील खरा उतरावा म्हणून. त्याच्या न्यू रोशेलच्या चित्रशाळेतला संग्रह आज वायोमिंगमधल्या कोडी गावी संग्रहालयात जपलेला आहे.

'जीन' वाचून कुणाला विजार आठवेल, हे खरं. ते कापडाचं जीन वेगळं, जिनोआ शहराच्या नावावरून आलेलं. पहिल्या उल्लेखाला 'घोड्याचं जीन' लिहा, पुढे नुसतं जीन चालेल. संस्कृत 'पर्याण'पासून आलेलं 'पालाण' मला फार आवडतं, पण आज ते कुणाला कळणार?

'प्राचीन' का नको? मराठीत प्राचीन म्हटलं की लेणी आणि ताम्रपट डोळ्यांपुढे येतात. अमेरिकी घोडदळाने मॅक्लेलन पद्धतीचं जीन स्वीकारलं ते 1859 साली. अशा वस्तूला 'जुनं' पुरे. दुर्मीळपणा सांगायचा असेल तर 'जुनं, दुर्मीळ जीन'.

एक राहिलं. काउबॉयच्या जिनाला पुढे जो उभा दांडा असतो त्याला इंग्रजीत शिंग म्हणतात. तुम्ही 'शिंग' लिहू नका, कारण त्याच वाक्यात बैल आला तर घोटाळा होईल. फासात सापडलेल्या जनावराचा सगळा हिसका दोरावाटे त्या दांड्यावर येतो. आपण दावं खुंटीला बांधतो. तिथे 'खुंटी' लिहा.