बोर्ड घेऊ की सिम्युलेटरवरच शिकू?

तू लिहिलंयस की एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरसाठी कोड लिहायच्या कामात जायचंय, आत्तापर्यंतचे सगळे प्रोजेक्ट खऱ्या सर्किट बोर्डऐवजी सिम्युलेटरवर, म्हणजे त्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेत आणि ते मस्त चालतात, पण सीनियर म्हणतो हार्डवेअर हाताळल्याशिवाय कोणी उभं करणार नाही, मग आता काय करू?

आधी एक सांगतो, सिम्युलेटरवर घातलेला वेळ वाया गेलेला नाही. क्यूईएमयूसारख्या टूलवर प्रोग्राम हवा तिथे थांबवून आत काय चाललंय ते बघता येतं, रोज रात्री शेकडो टेस्ट आपोआप चालवता येतात, सेन्सरने मधेच भलतीच व्हॅल्यू दिली तर कोड काय करेल हे काहीही न जाळता तपासता येतं, आणि कंपन्यांमध्ये बऱ्याचदा बोर्ड तयार व्हायच्या आधीच सॉफ्टवेअरचं काम सुरू झालेलं असतं. त्यामुळे ते सोडू नकोस.

पण एक बोर्ड घेच, आणि लवकर घे. सुरुवातीला मी आयटूसीवर, म्हणजे दोन लाइनींवरून चिपशी बोलायच्या पद्धतीने, एक सेन्सरची चिप जोडली होती, सिम्युलेटरवर सगळं ओके, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पट्टीवर) मात्र एक अक्षर उत्तर येईना. दोन दिवस कोडच उलटापालटा करत बसलो आणि शेवटी कळलं की दोन्ही लाइनींना पुल-अप रेझिस्टरच लावले नव्हते! या लाइनी चिप फक्त खाली खेचते, वर न्यायचं काम रेझिस्टरचं, आणि सिम्युलेटरने ते गुपचूप सांभाळून घेतलं होतं. ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले आणि लगेच रीडिंग यायला लागलं. तसंच ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या चिपचं, वायफाय चालू झालं की तो क्षणभर २०० मिलिअँपिअरच्या पुढे करंट ओढतो, केबल किंवा सप्लाय कमजोर असेल तर ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेल्याचा मेसेज देऊन रीसेट होतो, आणि कोडमध्ये मात्र चूक एकही नसते.

टायमिंगचे प्रॉब्लेम तर त्याहून छळतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा कॉम्प्युटर सारखा रीसेट व्हायला लागला तेव्हा इंजिनिअर लोकांनी लॅबमधल्या त्याच्या हुबेहूब प्रतीवर तोच प्रॉब्लेम घडवून आणला, तेव्हा कुठे टायमिंगचं ते कारण सापडलं.

म्हणून आता असं कर. बटण दाबलं की आकडा एकने वाढेल एवढाच प्रोजेक्ट घे, आधी सिम्युलेटरवर, मग बोर्डवर. डीबाउन्स न करता, म्हणजे बटणाची थरथर कोडमध्ये गाळून न टाकता चालवलास तर एकदा दाबल्यावर आकडा कधी दोनने, कधी चारने उडी मारेल, कारण बटणाच्या आतले कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद थरथरत असतात. काही सिम्युलेटर हे दाखवतातही, तुझा दाखवतो का बघ. असा जिथे जिथे फरक दिसेल तो वहीत लिही, कारण काय होतं आणि कसं शोधलंस तेही लिही. हिशेबाचा कोड बोर्डच्या पिन हाताळणाऱ्या कोडपासून वेगळा ठेव म्हणजे तो तुझ्या लॅपटॉपवरच टेस्ट होईल. इंटरव्ह्यूमध्ये प्रोजेक्टबद्दल विचारलं की या वहीतलाच एखादा किस्सा नीट सांग. पहिले चार-पाच फरक सापडले की मला परत लिही, त्यावरून पुढचा प्रोजेक्ट मोटरचा घ्यायचा की वायरलेसचा ते ठरवू.