पुढचा गिअर नेमका कधी टाकायचा?

भावा, ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत, टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) उतरायला लागला की लगेच गिअर टाकायचा, हे तुला कोणी सांगितलं? ते डोक्यातून काढ. चाकाला मिळणारा जोर म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअर रेशो (तो गिअर टॉर्क किती पट करतो तो आकडा). तुलना या गुणाकाराची करायची.

समज, दुसऱ्या गिअरचा रेशो 2.0 आहे, तिसऱ्याचा 1.5. दहा हजार आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) गिअर टाकलास तर इंजिन 7,500 वर येईल. डायनोच्या, म्हणजे टॉर्क मोजणाऱ्या मशीनच्या, कागदावर 10,000 ला 30 न्यूटन मीटर आणि 7,500 ला 36 दिसतात. म्हणजे दुसऱ्यात 60, तिसऱ्यात 54. टॉर्क उतरलाय, तरी दुसराच जास्त खेचतोय! मग ताण अजून. 10,800 ला टॉर्क 26 वर आला की दुसऱ्यात उरले 52. तिसऱ्यात 8,100 ला 35.5 मिळाले तर 53 च्या वर. आता टाक.

हे प्रत्येक गिअरचं वेगळं काढावं लागतं. पहिल्या-दुसऱ्याच्या रेशोत अंतर मोठं, म्हणून पहिला बहुतेक वेळा लिमिटरच्या (आरपीएम ठरावीक हद्दीत रोखणारी यंत्रणा) जवळपर्यंत ओढावा लागतो. वरच्या गिअरचे रेशो एकमेकांच्या जवळ असतात, तिथे कमाल पॉवरच्या आरपीएमच्या थोडं पुढे गेलं की पुरे. लिमिटरला मात्र आपटू नकोस, तिथे वेळ फुकट जातो. शिफ्ट लाइट (गिअर टाकायची खूण देणारा दिवा) दोन-तीनशे आरपीएम आधी लाव, कारण पहिल्या गिअरमध्ये काटा डोळ्यापेक्षा जोरात पळतो.

शेवटी 402 मीटरची टाइम स्लिप, म्हणजे ट्रॅकवर मिळणारी वेळेची चिठ्ठी, बघ. कागद आणि स्लिप भांडले तर मी स्लिपचं ऐकतो. आणि हो, हे सगळं ट्रॅकवर, हायवेवर नाही.